एकच वर्ग निवडा

इंटरनेटवर व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपनीच्या त्या अर्जात पंधरा वर्ग दिलेले होते आणि खाली ठणकावून लिहिले होते की एकच निवडा. मी चष्मा पुसला, यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली, आणि माझी खात्री पटली की ही यादी ज्याने केली त्याने जन्मात कधी स्वयंपाकघरातली फळीसुद्धा लावलेली नसावी. ‘विनोद’ एका वर्गात आणि ‘करमणूक’ दुसऱ्या. पाळीव प्राण्यांना स्वतंत्र सिंहासन. ‘प्रवास’ आहे, ‘वाहने’ आहेत, आणि ‘लोक’ नावाचाही एक वर्ग आहे; मग बाकीचे चौदा कोणासाठी राखून ठेवले आहेत, हे त्या यादीकारालाच ठाऊक. शाळकरी मुलांच्या रोबो स्पर्धेचे थेट प्रक्षेपण यांपैकी कोठे बसते, याविषयी मात्र यादी मूग गिळून होती.

हा प्रश्न दुसऱ्या कोणाला पडला असता तर त्याने डोळे मिटून कोठेही बोट ठेवले असते. मला ते शक्य नव्हते. मी चौतीस वर्षे सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते आणि त्या काळात बत्तीस हजार पुस्तकांना मी त्यांची जागा दाखवली. (माणसांनाही दाखवली, पण त्यांची मोजदाद ठेवलेली नाही.) माणूस चुकीच्या घरात पडला तरी रडतखडत संसार करतो, पुस्तक चुकीच्या कपाटात गेले की ते मेलेच, कारण असूनही कोणाला सापडत नाही. हे वाक्य मी हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी ऐकवीत असे आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून पाठ म्हणून घेत असे.

हे प्रक्षेपण जगासाठी नव्हते. एका माणसासाठी होते.

आमचे हे तीन आठवड्यांपासून रुग्णालयात होते. रक्ताचा आजार. औषधांनी अंगातली प्रतिकारशक्ती भांडे खरवडावे तशी खरवडून काढली होती, म्हणून त्यांना काचेची भिंत असलेल्या वेगळ्या खोलीत ठेवले होते. आत जायचे ते एका वेळी एकाने, हात कोपरापर्यंत धुऊन, झगा चढवून, तोंड बांधून. बाहेरची वस्तू आत न्यायची नाही. फूल नाही, वर्तमानपत्र नाही, फोन तर नाहीच. डॉक्टर उभ्याउभ्याने बोलत होते तोवर मी निश्चिंत होते. एक दिवस त्यांनी खुर्ची ओढली आणि बसून बोलले. काय बोलले ते मला आज आठवत नाही. खुर्ची ओढल्याचा आवाज आठवतो.

हे उभा जन्म कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. लोखंड कापणे, घासणे, केसभर फरकासाठी दिवस घालवणे, हेच त्यांचे बोलणे. तोंडाने ते फारसे बोलत नसत आणि आमच्या घरात त्याची गरजही पडत नसे. नातीच्या शाळेच्या गटाने स्पर्धेसाठी रोबो केला. एक चाक अडखळे म्हणून पोरींनी त्याचे नाव ‘लंगडी’ ठेवले. लंगडीला एक हात होता आणि त्या हाताने जमिनीवरच्या कड्या उचलून खांबात घालायच्या होत्या. त्या हाताचे पितळेचे दातेरी चाक यांनी रुग्णालयात भरती होण्याआधी एका जुन्या शिष्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन स्वतः कापले होते. अर्ध्या दिवसाच्या कामाला तीन दिवस लागले, कारण हात थरथरत होते. शिष्य म्हणाला, “साहेब, द्या इकडे, मी करतो.” यांनी त्याच्याकडे असे पाहिले की तो चहा आणायला निघून गेला.

खुर्चीचा प्रसंग झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आत गेले तेव्हा यांनी एवढेच विचारले, “स्पर्धा कधी आहे?”

“तीन आठवड्यांनी.”

“मला चाक फिरताना बघायचं आहे.”

संसारात त्यांनी माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. ही दाखवायचीच, असे मी ठरवले, रात्री तो अर्ज उघडून वाचला आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या तळघरात उतरले.

प्रत्येक खोलीत पलंगाशी रुग्णालयाचा एक पडदा जोडलेला असे आणि त्यावर काय दिसावे हे तळघरातला संगणक अधिकारी ठरवीत असे. त्याची खोली धोबीखान्याच्या शेजारी होती, त्यामुळे तो बोलताना सगळा वेळ ओल्या चादरींची वाफ येत होती.

“प्रोग्रॅम कुठल्या कॅटेगरीत आहे, आजी?” त्याने विचारले.

“मी तुमची आजी नाही.”

“बरं, मावशी. कॅटेगरी कुठली? इथं शिक्षण, आरोग्य आणि बातम्या एवढंच चालू असतं. बाकी सगळं बंद.”

“क्रीडा का बंद?”

“फायनलच्या दिवशी हृदयविभागात तिघांचं प्रेशर चढलं. डॉक्टर माझ्यावर ओरडले.”

“विज्ञान आणि तंत्रज्ञान?”

“त्यात यंत्रं उघडून दाखवतात हो. एका पेशंटनं बघून बघून सलाईनचा पंप उघडला. परत बसवता आला नाही त्याला.”

“विनोद?” मी निव्वळ त्याची परीक्षा पाहावी म्हणून विचारले.

“टाके उसवतात,” तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

एका खोलीसाठी, एका सकाळपुरते उघडता येईल का, असे मी विचारले. तो म्हणाला, येईल की. अर्ज करा, वर जाईल, चाळीस दिवसांत उत्तर येतं. माझ्याजवळ किती दिवस आहेत हे डॉक्टरांनी बसूनही सांगितले नव्हते, पण चाळीस नव्हते, हे मला ठाऊक होते.

घरी येऊन मी यादी पुन्हा समोर घेतली. विषयाप्रमाणे वर्ग लावायचा हा आमचा पहिला नियम. विषय यंत्राचा, म्हणजे ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’. यात शंकेला जागाच नव्हती, आणि हेच कपाट रुग्णालयाने कुलूप लावून ठेवले होते. ‘शिक्षण’ उघडे होते. पण तीन मिनिटे एकमेकांना ढुशा देत कड्या पळवणाऱ्या डब्यांना शिक्षण म्हणणे म्हणजे पत्त्यांच्या डावाला अंकगणित म्हणण्यासारखे होते. अशा सबबींवर शिरलेल्या कित्येक लेखकांना मी शिक्षणाच्या कपाटातून हाकलले होते. आता स्वतःच्या नवऱ्यासाठी मागच्या दाराने आत शिरायचे?

सल्ला देणाऱ्यांची वाण पडली नाही. खालच्या मजल्यावर एक निवृत्त विमा एजंट राहतात. सगळी इमारत त्यांना विमाकाका म्हणते. ते नाश्त्याच्या वेळेला आले आणि नाश्ता झाल्यावरही बसले.

“बाई, ‘करमणूक’ टाका. लोक बघतील.”

“मला लोक नकोत. एक माणूस पुरे.”

“एका माणसासाठी कुणी एवढं करतं का?” ते म्हणाले, मग आपण कोणाविषयी बोलतो आहोत हे ध्यानात येऊन त्यांनी घाईघाईने पाणी मागितले.

वरच्या मजल्यावरच्या शिंपिणीने लंगडीला जाड कापडाचा एप्रन शिवून दिला होता, म्हणून तिच्या मते ‘फॅशन’ हा एकच वर्ग प्रामाणिक होता. सूनबाई म्हणाली, “आई, तुम्ही शेवटी तुम्हाला हवं तेच करणार, मग मला कशाला विचारता?” हे खरे होते, म्हणूनच मला झोंबले. नात तर खांदे उडवून म्हणाली, “आजी, अगं कुठलाही टाक ना! कुणी बघत नाही ते.” कुणी बघत नाही ते! या वाक्याने माझ्या चौतीस वर्षांवर पोतेरे फिरवले.

शेवटी मी यांनाच विचारले. काचेआड, तोंड बांधून, मी त्यांना वर्गीकरणाची अडचण सविस्तर समजावून सांगितली. त्यांनी डोळे मिटले होते. झोप लागली असे वाटले, इतक्यात म्हणाले,

“अगं, माझा हात ज्या कपाटापर्यंत पोचतो, त्यात ठेव.”

शास्त्राच्या दृष्टीने हे साफ चूक होते. मी ‘शिक्षण’ ठरवले.

पण माझ्या ठरवण्याला यजमान शाळेच्या सचिवांची परवानगी लागत होती. हे गृहस्थ पूर्वाश्रमीचे व्यायामशिक्षक. शिट्टी अजून गळ्यात होती आणि बोलता बोलता ती वाजेल की काय, अशी समोरच्याला धास्ती वाटे. त्यांच्या छापील अर्जात प्रक्षेपणाचे दोनच प्रकार होते: क्रीडा आणि सांस्कृतिक.

“यांत हे कोठेच बसत नाही,” मी म्हटले.

“बसतं की. नाचगाणं असेल तर सांस्कृतिक, घाम येत असेल तर क्रीडा.”

“यंत्राला घाम येत नाही.”

“पोरांना येतो ना, बाई!”

मी पेनाने तिसरा चौकोन काढला, त्यापुढे ‘शैक्षणिक’ असे लिहिले आणि त्यात खूण केली. सचिवांनी तो कागद उंदीर धरावा तसा शेपटाकडून धरला. छापील अर्जात फेरफार करायचा तर समितीच्या तिघांच्या सह्या लागतात, आणि समिती बसते महिन्यातून एकदा, ती परवाच बसून उठली. कागदावर सरळ क्रीडा लिहावे, मागून हवे ते करावे, असा मार्ग त्यांनी मला सुचवला. अर्जावर एक आणि प्रत्यक्षात दुसरे, ही सोय मी आयुष्यात कोणाला दिली नाही. स्वतःला कशी देणार? मग या वयात, गुडघ्याला पट्टा बांधून, मी तिन्ही सभासदांची घरे पालथी घातली. दोघांनी चहा देऊन सह्या दिल्या. तिसरे आता मोठे वकील आहेत. ते कायद्याचे कलम काढून बसले. मी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिले आणि म्हटले, “दुसऱ्या कोणाला मिळू नये म्हणून तू साहसकथा पाकशास्त्राच्या कपाटात लपवायचास. आठवतं का रे?” वकिलांची बायको दारात उभी होती. सही लगेच झाली.

स्पर्धेच्या आधी आठ दिवस आम्ही जेवणाच्या टेबलावर रंगीत तालीम केली. माझा फोन एका तिपाईवर बसवला. कड्या म्हणून बरणीची झाकणे. नातीने कळ दाबली, पितळी चाक घरघरले, लंगडीने हात उचलला, आणि झाकण नीट दिसावे म्हणून वाकलेल्या विमाकाकांच्या नाकावर तो नेमका आणला. रक्त आले. विमाकाका खाली बसले आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या अपघातांचे अर्ज भरूनही स्वतःचा विमा काढायचे आपल्याला सुचले नाही, असे काहीसे पुटपुटू लागले. हे सर्व ‘शिक्षण’ या वर्गात थेट प्रक्षेपित झाले.

पाच मिनिटांत पडदा काळा झाला. कार्यक्रम हिंसक आणि धोकादायक असल्यामुळे काढून टाकण्यात येत आहे, असे कळवण्यात आले. कोणी कळवले? कोणी नाही. तिकडे माणूसच नव्हता. माझ्या वाचनालयात कारकून उद्धट असे, पण असे तरी! मी दाद मागितली. दाद मागण्याच्या कारणांचीही यादी होती आणि तीतूनही एकच निवडायचे होते. चौथ्या दिवशी उत्तर आले की आपला कार्यक्रम मुलांसाठी असल्यास तसे नमूद करावे, म्हणजे पुन्हा असे होणार नाही.

भाग घेणारी मुले. पाहणाराही, माझ्या मते, पन्नास वर्षांत फारसा मोठा झालेला नव्हता. मी खूण केली. खूण करताच एक सूचना आली की आता या कार्यक्रमाखाली कोणालाही काही लिहिता येणार नाही. मला समाधानच वाटले. वाचनालयात बोलणाऱ्यांना मी नेहमीच बाहेर काढीत असे.

दुसरी तालीम निर्विघ्न पार पडली. त्या दिवशी मी आत गेले तेव्हा हे उशीला टेकून बसले होते.

“दिसलं,” ते म्हणाले. “घरघर जास्त आहे. थोडं तेल द्यायला सांग. विम्याचं नाक कसं आहे?”

सहा आठवड्यांत ते एका दमात एवढे बोलले नव्हते.

स्पर्धेच्या सकाळी मी इस्त्रीची साडी नेसून सभागृहात पहिल्या रांगेत तिपाई रोवली. नाकाला पट्टी लावलेल्या विमाकाकांनी फोनची एक कळ दाबून दिली. मध्येच कोणाचा फोन आला तर प्रक्षेपण तुटते म्हणे, म्हणून आता घंटी वाजणारच नाही, अशी व्यवस्था. अकरा शाळा, प्रत्येकीला दोन फेऱ्या, मध्ये तासाभराची सुट्टी. दोऱ्यांनी आखलेल्या रिंगणात फक्त मुले. पडद्याच्या कोपऱ्यात पाहणाऱ्यांची संख्या दिसत होती: एक.

लंगडी रिंगणात आली. शिंपिणीचा एप्रन, चाकाचा तोच अडखळा. पहिली कडी खांबात गेली. दुसरी गेली. तिसरीला शेजारच्या शाळेच्या रोबोने ढुशी दिली, तरी गेली. चौथीला सचिव स्वतः शिट्टी विसरून टाळ्या वाजवू लागले. मी कोपऱ्यातल्या त्या एकाकडे पाहिले आणि मान ताठ केली.

पाचव्या कडीला ‘कट्’ असा आवाज आला. लंगडीचा हात वरून खाली पडला, आणि मग पडूनच राहिला. वेळ संपल्याची शिट्टी झाली. नातीने गुडघ्यांवर बसून एप्रन वर केला, स्क्रू सोडला, चाक बाहेर काढले. तीन दाते गेले होते. मला रांगेतून दिसले. पितळेचा एक तुकडा जमिनीवर चमकत होता.

मग ती उठली आणि ते चाक उंच धरून थेट माझ्याकडे आली, दोरीपर्यंत. “आजी, जवळ घे! आजोबांना दाखव!”

मला त्या क्षणी फक्त ती खोली दिसली. उशीला टेकलेला माणूस, आणि त्याने थरथरत्या हातांनी तीन दिवस खपून केलेली शेवटची वस्तू, तुटलेली, पडदाभर. मी तिपाईची मान धरली आणि फोन भिंतीकडे वळवला. भिंतीवर गुणफलक होता. मी गुणफलक दाखवला. मग आणीबाणीचे दार दाखवले. मग दुसऱ्या शाळांचे रोबो दाखवले, एकामागून एक, अगदी तपशीलवार.

“आजी! इकडे! आजी, ऐकू येत नाही का?”

ऐकू येत होते. मी ऐकले नाही.

सुट्टीचा तास तसाच गेला. दुसऱ्या फेरीत लंगडी हाताशिवाय फिरली. कड्या नाकाने ढकलून कोपऱ्यात नेत होती, त्याचा एकेक गुण. अकरांत आठवा क्रमांक आला. मी प्रक्षेपण बंद केले, विमाकाकांनी फोनची कळ पूर्ववत केली आणि पडद्यावर ओळीने चार नोंदी उमटल्या. चारही फोन वॉर्डमधून आले होते.

वॉर्डमधून चार फोन येण्याचा अर्थ एकच असतो. विमाकाकांनी माझा चेहरा पाहिला आणि गाडीची किल्ली काढली. नात मागच्या सीटवर ते चाक मुठीत धरून बसली होती. वाटेत प्रत्येक सिग्नल लाल होता. प्रत्येक लाल दिव्याला विमाकाका “येतोय, येतोय” म्हणत होते, कोणाला ते कळेना.

वॉर्डच्या मेजाशी सिस्टर उभी होती.

“फोन कुठं ठेवता तुम्ही?” ती कडाडली. “पेशंट उठून बसले, माझ्या अंगावर ओरडले! लावा फोन, लावा फोन. चार वेळा लावला मी, माझी कामं सोडून!”

म्हणजे ते होते. ओरडण्याइतके होते. मी हात धुतले, झगा उलटा चढवला, पुन्हा सुलटा केला, आत गेले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. सहा आठवड्यांत तेवढा रंग मी पाहिला नव्हता.

“कॅमेरा फिरवलास,” ते म्हणाले.

मी त्यांची उशी सारखी केली.

“किती दाते गेले?”

“तीन.”

“तीनच ना? अगं, हात वर-खाली होतो, पुरा वेढा फिरत नाही. चाकाचे अर्धेच दाते कामाला येतात. म्हणून मी खाचा दोन ठेवल्या होत्या, समोरासमोर. स्क्रू सोडायचा, चाक अर्धं फिरवायचं, दुसऱ्या खाचेत बसवायचं. पाच मिनिटांचं काम! तासभर होता पोरीच्या हातात, तासभर! लिहायला गेलो तर लिहायची जागाच बंद. मुलांचा कार्यक्रम म्हणे!”

“मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?” माझा आवाज चढला. रुग्णाशी मोठ्याने बोलू नये, अशी पाटी माझ्या डोक्यावरच होती.

त्यांनी भिंतीकडे पाहिले. “आधी काय सांगू? की माझं काम तुटेल?”

त्यांच्या हातातून ते चाक निघाले तेव्हाच ते तुटणार, हे त्यांना माहीत होते. आणि तुटताना आपण तेथे असू, एवढ्यावर त्यांची भिस्त होती. मी त्यांना तेथे नेले होते, तीन आठवडे जिवाचे रान करून नेले होते, आणि ज्या मिनिटाला त्यांची गरज होती त्या मिनिटाला मी त्यांना आणीबाणीचे दार दाखवले. मला काहीतरी बोलायचे होते. मला क्षमा मागण्याची सवय नाही. तोंड बांधलेले होते, ते बरे झाले.

काही वेळाने त्यांचा श्वास लागला. रंग उतरला. मग हळू आवाजात म्हणाले, “पोरीला आत पाठव. चाक घेऊन.”

“बाहेरची वस्तू आत नेऊ देत नाहीत, ठाऊक आहे ना?”

“विचारून तर बघ.”

मी बाहेर येऊन सिस्टरला विचारले. माझी खात्री होती की ती नाही म्हणेल. खरे तर मी तिच्या तोंडून ‘नाही’ ऐकण्यासाठीच गेले होते. हिनेच मला पहिल्या आठवड्यात दाराशी अडवून केसातली पिन काढायला लावली होती. तिने यांचे कागद उघडले, डॉक्टरांना फोन लावला, दोन वाक्ये बोलली. मग नातीच्या हातातून चाक घेतले, स्पिरिटने पुसले, कापसावर ठेवले आणि म्हणाली, “जा बाळा. हात धुऊन घे.”

ज्या खोलीत फूल जाऊ दिले नव्हते तिच्यात पितळेचे तुटके चाक गेले. नात खूश झाली. तिला वाटले, आजोबा सुधारताहेत म्हणून नियम सैल झाले. मला ती खुर्ची ओढल्याचा आवाज पुन्हा ऐकू आला आणि मी बाकावर बसले.

काचेतून सगळे दिसत होते, ऐकू काही येत नव्हते. त्यांनी चाक प्रकाशाकडे धरले, तुटक्या दातांवरून अंगठा फिरवला, नापसंतीने मान हलवली. मग ते तिच्या तळहातावर ठेवून अर्धे फिरवले. पुन्हा अर्धे. तिने विचारले, त्यांनी सांगितले. त्यांचा हात थरथरत होता म्हणून तिने खालून आधार दिला, आणि त्यांनी तो देऊ दिला. ओठ सारखे हलत होते. एवढे काय सांगत होते कोणास ठाऊक.

भेटीची वेळ वीस मिनिटांची. एकविसाव्या मिनिटाला सिस्टर काचेवर टकटक करी. इतक्या आठवड्यांत तिने कोणाला एका मिनिटाची सूट दिलेली मी पाहिली नव्हती. वीस मिनिटे झाली. पंचवीस झाली. तिने मान वर करून घड्याळाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा वहीत लिहू लागली.

अर्ध्या तासाने मी उठून तिच्या मेजाशी गेले.

“वेळ संपली आहे,” मी म्हटले.

“हो.”

“तुमचा नियम आहे. तुम्ही त्यांना उठवायला हवं.”

“असू दे, आजी,” ती वहीतून वर न पाहता म्हणाली. “बसू दे त्यांना.”